माझा शांत स्वभाव आणि माझा जबडा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूल गावात शांत माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर चार लोकांनी माझं नाव घेतलं असतं आणि पाचवं मत मी स्वतः दिलं असतं. मी इनायत. न्यू सितारा बॅण्ड पार्टीत क्लॅरिनेट वाजवतो. पार्टी माझ्या मेव्हण्याची, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाची, अकरमभाईंची. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर टोपी आणि तोंडात क्लॅरिनेट, असा मी या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी वरातींपुढे चाललो आहे. नवरदेवाचा मामा एकच धून पुन्हा पुन्हा मागायचा. नाचणारे अंगावर येऊन पडायचे. कुणाला तरी वरात धानाच्या बांधांवरून न्यायची हुक्की यायची. बाकीचे वाजवणारे वैतागायचे, मी हसायचो. "मले रागच येत नाई," हे वाक्य मी नथ्थूच्या चहाच्या टपरीवर इतक्यांदा बोललो होतो की पुढे पुढे नव्या गिऱ्हाइकाला ते नथ्थूच सांगायचा आणि मी शेजारी मान खाली घालून बसायचो, लाजल्यासारखा.

माझ्या बायकोचं, शमसुन्निसाचं, या बाबतीत काही म्हणणं नव्हतं. तिची तक्रार वेगळी होती. ती म्हणायची की तुम्ही झोपेत दात खाता, आणि आवाज असा येतो की कुणीतरी पेटीचं लाकूड कुरतडतंय. आमच्या घरात हिंदी बोलतात, पण माझी शाळा मराठी झाली, म्हणून सगळं मराठीतच सांगतो.

मी तिला सांगितलं की तो उंदीर आहे. ती म्हणाली, उंदीर तुमच्या उशीवर कशाला येईल? मी बाजारातून पिंजरा आणला, भज्याचा तुकडा लावला, आणि खरंच उंदीर सापडला. मी तो पिंजरा शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवून आलो. त्यानंतरही आवाज येतच राहिला. मग मी दुसऱ्या उंदराबद्दल बोलू लागलो. असं एक वर्ष मी काढलं. माणूस खोटा पडला तरी शांत राहिला पाहिजे, हे मला चांगलं जमायचं.

साक्षीदार मिळाले ते एका लग्नात. मूलजवळच्या एका खेड्यात दादाजी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. वरात संध्याकाळी निघायची होती, म्हणून जेवण झाल्यावर आम्हा बॅण्डवाल्यांना शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायला जागा दिली. दादाजीची म्हातारी आई रुखमाबाई पाण्याची घागर ठेवायला आली. तिनं आवाज ऐकला आणि घागर तशीच कमरेवर धरून उभी राहिली. हे मला नंतर आमच्या ढोलवाल्या झिंगूनं सांगितलं. सगळे जागे होऊन माझ्याभोवती बसले होते म्हणे, मी एकटा झोपलेला.

"हा बाप्पा कोनावर दात खाऊन राह्यला?" असं म्हातारीनं विचारलं.

झिंगूनं तिला सांगितलं की आमचा इनायतभाऊ कुणावर दात खात नाही, गावातला सगळ्यात थंड माणूस आहे. तेव्हा रुखमाबाईनं विचार केला आणि म्हणाली, "मंग जंत झाले असन."

मला हे निदान फार आवडलं. राग म्हटला की स्वभावाकडे बोट जातं, जंत कुणालाही होतात. मूलला येऊन मी जंताची गोळी घेतली. एक मेला नाही की दिसला नाही, पण मी शमसुन्निसाला सांगितलं की फरक वाटतो. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती अकरमभाईंची बहीण आहे, त्या घरात बोलण्याची कमी नाही. ती बोलली नाही याचा अर्थ तिला काहीच पटलेलं नव्हतं.

मग दुखणं सुरू झालं. सकाळी उठलं की गाल लाकडासारखे व्हायचे, कानशिलं ठणकायची, कानाच्या पुढे तोंड उघडताना कट् असा आवाज यायचा. आवाज कानाजवळ, म्हणून मी आजार कानाचा ठरवला आणि लसूण घालून गरम केलेलं तेल कानात सोडलं. आठवडाभर मला एका कानानं ताशा दुरून ऐकू येत होता, गाल मात्र जवळूनच दुखत होता. त्यानंतर मी आजार दाढेचा ठरवला. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर चादर पसरून दात काढणारा एक माणूस बसायचा. त्याला मी डावीकडची मागची दाढ दाखवली. तो भला माणूस म्हणाला, दाढ तर पक्की दिसते. मीच हट्ट धरला. त्यानं पकड लावली, पाय रोवला आणि ओढत असताना विचारलं, "दुखते का?" मी म्हणालो, नाही नाही, चालू द्या. डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी त्याला बरं वाटावं म्हणून असं बोललो. दाढ बाहेर आली तेव्हा कवडीसारखी पांढरी, कुठे छिद्र नाही. दुखणं जिथल्या तिथं.

यात खर्ऱ्याचा भाग होता, तेही सांगून टाकतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे निम्मे पुरुष चघळतात. मी वाजवत नसलो की चघळत असायचो. म्हणजे जबड्याला दिवसा खर्रा, संध्याकाळी क्लॅरिनेट आणि झोपेत दात. बैलाला अमावास्येला तरी सुट्टी असते.

त्याच सुमारास, दोन हजार साल उजाडलं तेव्हा, अकरमभाईंनी कॅसिओ आणला आणि तो वाजवायला नागपूरहून जाहिद नावाचा माणूस. केस मागे वळवलेले, बोटांत अंगठ्या, हात चांगला. बॅण्डच्या गाडीवर एकच माइक होता आणि इतकी वर्षं तो माझ्या क्लॅरिनेटपुढे असायचा. घुग्घुसच्या एका लग्नाला आम्ही मेटॅडोरमधून निघालो होतो, तेव्हा रस्त्यात अकरमभाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून माइक कॅसिओला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "इनायत, तुले काई हरकत नाई ना?"

"चांगलंच झालं," मी म्हणालो. "पब्लिकले आता कॅसिओच पायजे." एवढं बोलून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी जाहिदच्या पाठीवर थापही मारली.

घुग्घुसला दुपारी जेवून आम्ही एका अर्धवट बांधलेल्या घरात आडवे झालो. उठलो तेव्हा वरात तयार होती. मी कोट घातला, क्लॅरिनेट उचललं, ओठांशी नेलं, आणि ते समोरच्या दातांवर टक् करून आपटलं. पुन्हा नेलं, पुन्हा टक्. तोंड जेमतेम करंगळी जाईल एवढंच उघडत होतं. पुढे नाही म्हणजे नाहीच. झिंगू जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, तोंड उघडा, पायतो."

"उघडलंच हाय," मी दातांतून म्हणालो.

त्यानं अंगठ्यानं हनुवटी खाली दाबून पाहिली. मला जे दुखलं ते मी कधी विसरणार नाही, पण तोंडातून आवाज निघायला तोंड उघडावं लागतं. बाहेर फटाके सुरू झाले होते. अकरमभाई आले, त्यांनी माझं क्लॅरिनेट काढून घेतलं आणि हातात झुनझुने दिले. झुनझुने म्हणजे पोटात दाणे असलेले ते दोन खुळखुळे. पार्टीत ज्याला काहीच येत नाही त्याला ते देतात.

अशी मी घुग्घुसची वरात केली. एका बाजूनं कोळशाचे ट्रक, दुसऱ्या बाजूला शिफ्ट सुटून मोटरसायकलवरून आलेले कामगार थांबून बघताहेत, लाल कोटावर काळी धूळ बसते आहे, माइकवर जाहिदचा कॅसिओ, आणि सगळ्यांच्या पुढे मी झुनझुने हलवत. चेहऱ्यावर हसू होतं, कारण त्या अवस्थेत माझ्या तोंडाला तेवढंच करता येत होतं. नवरीकडचा एक म्हातारा अकरमभाईंना सांगून गेला की झुनझुनेवाला माणूस फार खुशीत वाजवतो, असा माणूस सोडू नका. जेवणात वडे होते. मी ताकातला भात बोटानं आत ढकलला.

दुसऱ्या दिवशी शमसुन्निसा मला एसटीत बसवून चंद्रपूरला घेऊन गेली. मला विचारलं नाही, मीही विचारलं नाही. तिथल्या दातांच्या डॉक्टर, रंजीता मॅडम, माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. त्यांनी माझ्या दातांवर आरसा फिरवला आणि म्हणाल्या की समोरचे दात घासून सपाट झालेत, कधीपासून दात खाता? शमसुन्निसानं उत्तर दिलं. मॅडमनी गालाचा स्नायू दाबला आणि दुखतं का विचारलं. मी नाही म्हणालो. कानशील दाबलं. नाही म्हणालो. कानाच्या पुढचा सांधा दाबला. मी नाही म्हणालो आणि माझा पाय वर उडून त्यांच्या ट्रेला लागला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून आलात की तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

काही टेन्शन असतं का, असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मला रागच येत नाही. शमसुन्निसा खिडकीबाहेर बघू लागली.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जबड्याच्या सांध्यात एक गादी असते, ती सरकली की तोंड अडकतं. दात आवळून स्नायू थकतात, तेच दुखतात. काही दिवस क्लॅरिनेट बंद. खर्रा कायमचा बंद. मऊ खायचं, लहान घास घ्यायचा, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, गालांना गरम फडक्यानं शेकायचं. दिवसभर लक्ष ठेवायचं की ओठ मिटलेले असावेत पण वरचे-खालचे दात एकमेकांना लागू नयेत. दात लागायचे ते फक्त जेवताना. झोपताना घालायला त्या एक पारदर्शक साचा बनवून देणार होत्या. हे सगळं ऐकून मी विचारलं की बरं कधी होईल. त्या म्हणाल्या की तोंड उघडेल, दुखणं कमी होईल, पण दात खायची सवय पूर्ण जाईल असं त्या सांगू शकत नाहीत. सांभाळून राहायचं.

तोंड थोडं सुटल्यावर त्यांनी दातांचा ठसा घेतला. गुलाबी लगदा तोंडात भरला तेव्हा मला उमासे येत होते आणि मी अंगठा वर करून सगळं ठीक असल्याचं दाखवत होतो. साचा मिळाला. थंड पाण्यानं धुवायचा, असं मॅडमनी बजावलं होतं. पण मी स्वच्छतेचा भोक्ता. लहान लेकराची दुधाची बाटली उकळतात तसा मी तो चहाच्या भांड्यात उकळला. बाहेर काढला तर उन्हात वाळलेल्या आमचुराच्या फोडीसारखा आक्रसलेला. आता मॅडमना काय तोंड दाखवायचं, म्हणून मी तोच वाकडा साचा दातांवर दाबून बसवत राहिलो. गाल पुन्हा लाकूड झाले. शेवटी शमसुन्निसानं मला आणि साच्याला धरून पुन्हा चंद्रपूरला नेलं.

मॅडमनी तो साचा चिमट्यात धरून उजेडात बघितला आणि मला चांगलंच सुनावलं. मी खुर्चीत बसून हसत होतो. बोलता बोलता त्या थांबल्या. "हात वर करा," म्हणाल्या. त्यांनी माझ्याच हाताची बोटं माझ्या कानशिलांवर ठेवली. "आता मी परत रागावते. तुम्ही फक्त बोटांकडे लक्ष द्या."

त्या पुन्हा बोलू लागल्या आणि माझ्या बोटांखाली काहीतरी उडी मारून घट्ट झालं, पोत्यातल्या बेडकासारखं. मी हसतच होतो. चेहरा हसत होता आणि कानशील दात आवळत होतं. आपल्याच अंगात आपल्याला न विचारता कुणीतरी भाड्यानं राहतंय, असं मला वाटलं. मी हात काढून घेतला. मॅडमनी दुसऱ्या साच्याचा ठसा घेतला.

पुढचे काही दिवस मी मूलमध्ये कानशिलाला दोन बोटं लावून फिरलो. नथ्थूला वाटलं डोकं दुखतंय, त्यानं बाम दिला. मी बेडूक कधी उडतो ते बघत होतो. अकरमभाई दिसले की उडायचा, याचं मला नवल वाटलं नाही. जाहिदच्या कॅसिओला फारसा उडत नसे. त्याचा हात खरंच चांगला होता. पण एक दिवस टपरीवर नथ्थूनं कुणाला तरी नेहमीसारखं सांगितलं की आमच्या इनायतभाऊले कधी रागच येत नाही, आणि माझ्या बोटांखाली असा झटका बसला की चहा सांडला. मी तिथून उठलो आणि सरळ पार्टीच्या गोदामात गेलो.

अकरमभाई ट्रंपेट पुसत बसले होते. मी रस्त्यात वाक्य घोकलं होतं. तोंड अजून अर्धंच उघडत होतं.

"अकरमभाई, मले माइक गेल्याचं लय वाईट वाटलं," मी म्हणालो.

"काय म्हणते?"

पुन्हा म्हणालो. त्यांना पुन्हा ऐकू गेलं नाही. कान त्यांचे ढोलाशेजारी राहून गेलेले आणि तोंड माझं दातांमागे अडकलेलं. तिसऱ्यांदा मी ओरडलो. असा ओरडलो की बाहेर झिंगू दारात येऊन उभा राहिला. अकरमभाईंनी ट्रंपेट खाली ठेवलं.

"मंग तवाच काऊन नाई बोल्ला?" ते म्हणाले. "मी सगळ्यांसमोर तुले विचारलं. तू म्हनला चांगलंच झालं. जाहिदच्या पाठीवर थाप मारली तू."

इतके महिने मी ज्या माणसावर दात खात होतो, त्यानं मला विचारलं होतं आणि मीच त्याला हो म्हणालो होतो. वरातीत माइक परत देणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथं स्पष्ट सांगितलं. लोकांना नाचायला कॅसिओच हवा. पण मांडवात पंगत बसते तेव्हा आणि नवरी निघते तेव्हा, तिथं कॅसिओचं काम नाही, तिथं क्लॅरिनेट माइकवर. मी हो म्हणालो. मग थांबलो, कानशिलाला बोट लावून बघितलं, आणि पुन्हा हो म्हणालो. अकरमभाईंना वाटलं हा माणूस आता कामातून गेला.

घरी येऊन मी मोठ्या ऐटीत शमसुन्निसाला सांगितलं की आज मी तुझ्या भावावर ओरडलो. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं एक तर खूश होईल, नाहीतर भावाची बाजू घेईल. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आता माह्याशीही एकदा भांडा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुमी माह्याशी भांडले नाई. थंड मानसाच्या घरात भांडखोर कोन ठरते? बाईच ठरते. सारा मोहल्ला म्हणते, इनायत बिचारा."

आणि मग ती बोलत राहिली. माझ्या आईच्या दुखण्यात मी काय गिळलं आणि तिला काय गिळावं लागलं. मुलीचं, जोयाचं, शाळेतलं नाव बदलायचं निघालं तेव्हा मी दोन्ही बाजूंना हो कसं म्हणालो होतो. उंदराचा पिंजरा घेऊन घरोघर फिरलो, तेव्हा तिला किती लाज वाटली होती. मी मध्ये दोनदा चिडून बोललो. ती जरा थांबली, आणि बरं वाटल्यासारखी पुढे बोलू लागली. तिला उलट बोलणारं माणूस हवं होतं आणि मी तिला इतकी वर्षं हसरा चेहरा दिला होता. निवडायचे तांदूळ तसेच राहिले. जोयानं शेजारून पोळ्या आणल्या. मी त्या वरणात भिजवून खाल्ल्या.

पावसाळाभर मी जबडा सांभाळला. खर्रा सुटला, मध्ये एकदा बैलपोळ्याच्या दिवशी चघळला आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा मिळाली. नवा साचा साबणाच्या डबीत असतो, थंड पाण्यानं धुतो. तो घातला की माझं बोलणं बोबडं होतं, म्हणून भांडायचं असेल तर शमसुन्निसा तो घालायच्या आधीच भांडून घेते. दात मी अजून खातो. साच्यावर खुणा दिसतात. मॅडम त्या बघून सांगतात की मागचे महिने कसे गेले. गावात आता लोक म्हणतात की इनायत पूर्वी फार थंड होता, हल्ली चिडका झाला. नथ्थूनं नव्या गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल सांगणं बंद केलं आहे.

दोन वर्षांनी माजरीला एक लग्न होतं. पंगत बसली तेव्हा मी माइकवर संथ गाणी वाजवली, ठरल्याप्रमाणे, आणि तोंड थकल्यावर थांबलो. नवरीचा भाऊ निकेश, खाणीत शिफ्ट करणारा, येऊन म्हणाला आणखी एक होऊ द्या. मी म्हणालो, नाही, जबडा दुखतो. तो गेला नाही. शेजारी खुर्ची ओढून बसला आणि हळूच विचारलं की जबडा म्हणजे कसा दुखतो. त्याची बायको म्हणते तो झोपेत दात खातो.

मग मी मॅडमची सगळी विद्या माझीच असल्यासारखी त्याला सांगितली, मुठीत हनुवटी कशी धरायची ते करून दाखवलं, आणि मध्ये दोन-तीन शब्द असे घातले जे मलाही नीट माहीत नव्हते. तो फार आदरानं ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "पण भाऊ, मले तर कोनाचा रागच येत नाई. मंग काऊन होत असन?"

मी त्याचा हात धरला आणि त्याची दोन बोटं त्याच्याच कानशिलावर ठेवली. "तुह्या सुपरवायझरचं नाव सांग," मी म्हणालो.

त्यानं नाव सांगितलं. नाव घेतानाच तो दचकला आणि मग बोटं कानशिलावरून काढेचना. पंगतीतून कुणीतरी त्याला हाक मारत होतं, बुंदी संपत आली होती. मी उठलो आणि त्याच्या वाट्याचीही वाढून आणली.